आईच्या वाटची लोकर

मुलांनो, थोडा वेळ माझ्याबरोबर डोंगरावर चला. असं समजा, की तुम्ही उंचावरच्या कुरणात उभे आहात. उन्हाळा आहे, तरी समोरच्या शिखरांवर बर्फ आहे. पायांपुढे काड्यांची लांबच लांब चटई अंथरली आहे आणि तिच्यावर रंगीत लोकर मांडली आहे. लाल, काळी, हळदी. मेंढ्याच्या शिंगांसारखी वळणं आहेत. अजून तिच्यावर गरम पाणी पडलेलं नाही, चटई गुंडाळलेली नाही. म्हणजे नमदा, लोकर दाबून केलेलं जाड अंथरूण, अजून नमदा झालेला नाही. नुसत्या फुंकरीनेही उडेल. तेव्हा कृपा करून शिंकू नका.

ही मांडणी जिपारची. दोन दिवस गुडघ्यांवर रांगत तिने ती केली होती. नणंदेच्या लग्नाचा नमदा होता, आणि त्या वर्षीची सगळी रंगवलेली लोकर त्यात गेली होती.

पलीकडे बायका अस्तराची पांढरी लोकर झोडपत होत्या. दोन्ही हातांत एकेक फोक, लांब लवचीक काठी. सप्, सप्, सप्.

"लोकर झोडपायची वेळ आली, की आमच्या सुनेला पाणी आठवतं," सासू उमसुनाय शेजारणीला म्हणाली. "नऊ वर्षं बघतेय. एक दिवस अख्खा ओढा आणून दारात ओतेल बघ!"

बायका हसल्या. काम संपलं तसे फोक तिथेच टाकून सगळ्या तंबूत चहाला गेल्या.

जिपार खरंच ओढ्यावर होती. तो आवाज थांबेपर्यंत ती बादल्या भरायची, ओतायची, पुन्हा भरायची. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं नीट मिटत नाहीत. कुणी विचारलं तर ती सांगते, लहानपणी घोडीवरून पडले. घोडीने काहीही केलं नव्हतं. तिच्या माहेरीही असेच फोक होते, आणि तिचे वडील ते लोकर नसतानाही उचलत.

आवाज थांबला, तशी ती चढण चढू लागली. अर्ध्या वाटेवर तो पुन्हा सुरू झाला. या वेळी एकाच फोकाचा.

चटईच्या मधोमध तिची सहा वर्षांची लेक, बेगिमाय, उभी होती. केसांत लाल लोकर, भुवयांवर हळदी. काळा रंग लालात मिसळला होता. शिंगं कुठे होती, ते आता कुणालाच सांगता आलं नसतं.

"आई, बघ!" बेगिमाय धापा टाकत म्हणाली. "तुझ्या वाटची मी झोडपली. आता तुला कुणी नाही बोलणार."

जिपारच्या हातून बादल्या सुटल्या. तिने मुलीच्या हातातला फोक काढून घेतला. हात वर कधी गेला, ते तिचं तिलाही कळलं नाही. लग्न होऊन आल्यापासून तिने फोक धरला नव्हता. पण कसा धरायचा, ते हाताला पक्कं ठाऊक होतं.

बादल्यांचा आवाज ऐकून उमसुनाय तंबूच्या दारात आली. तिने चटईकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई, माझी लोकर! आणि तू बघत काय उभी राहिलीस? दे एक ठेवून. जन्मभर लक्षात राहील."

"राहतं, आत्याबाई," जिपार म्हणाली.

पण हात खाली आला नाही. पुढे काय होतं, ते तिला माहीत होतं. कोपरं तोंडापुढे येतात. मान खांद्यांत जाते. डोळे गच्च मिटतात. फोक तिच्याच हातात होता, तरी मान तिचीच खांद्यांत गेली.

बेगिमायची कोपरं उठली नाहीत.

तिचे डोळे टक्क उघडे होते. तिने आधी आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग हाताकडे, मग फोकाकडे. या फोकाचा आणि आपल्या अंगाचा काही संबंध असू शकतो, हे तिच्या गावीही नव्हतं.

धुकं फाटावं आणि अख्खं शिखर एकदम समोर उभं राहावं, तसं लेकीचं ते तोंड जिपारपुढे उभं होतं. असं तोंड तिने आरशात कधी पाहिलं नव्हतं. आणि ते तिच्याच घरात, तिच्याच हातचं खाऊन, सहा वर्षं वाढलं होतं.

"कुठंय?" बेगिमायने विचारलं.

"काय?"

"तू दाखवतेयस ते. गरुड आहे का गं?"

दारात उमसुनायने कपाळावरचा हात खाली घेतला.

मग बेगिमायने काय केलं, सांगू? तिथून तिला नीट दिसत नव्हतं. म्हणून ती विस्कटलेली लोकर तुडवत पुढे आली, उगारलेल्या फोकाच्या बरोबर खाली. तिने आईच्या पोटाला पाठ टेकवली, डोळ्यांवर हाताची सावली धरली, आणि फोकाच्या टोकापासून वर, आभाळात शोधू लागली.