एकेक पर्याय

पुण्याहून केळझरला मोहिनीला पाहायला आलेला मुलगा क्वांटम कॉम्प्युटिंगमधला तज्ज्ञ होता. पोहे बशीत गार झाले, तरी त्याचं पुराण काही संपेना.

"पण पाहुणे, ते मशीन करते काय?" मोहिनीच्या बाबांनी भीत भीत विचारलं.

"साधा कॉम्प्युटर एकेक पर्याय तपासत बसतो, काका. अगदीच बावळट! आमचं मशीन लाखो पर्यायांतून नेमका हवा तोच चुटकीसरशी काढेल. मग औषध असो, नाहीतर ट्रकचा रस्ता."

मोहिनीने जांभई कशीबशी गिळली.

निघताना त्याची आई म्हणाली, "वर्षभर एकेक मुलगी पाहतोय. अजून बऱ्याच राहिल्यात. सगळ्या झाल्या की कळवू."

"कायले कळवता, काकू?" बशा उचलत मोहिनी म्हणाली. "मी तं एकच पाह्यला, अन् माझं नाई म्हणून पक्कं बी झालं."