शेवट आशेचा हवा

भाची कागद चहाच्या पाण्यात बुडवत होती, वहिनी ते इस्त्रीने वाळवत होती आणि कडा जाळायचं काम आत्याकडे आलं होतं. इतिहासाच्या बाईंनी प्रकल्प दिला होता: युद्धातल्या मुलाची डायरी लिहून आणा. वर्गात खऱ्या मुलांच्या डायऱ्या वाचून झाल्या होत्या, आता यांची पाळी. कागद जुना दिसला पाहिजे. त्याला वेगळे गुण.

"सगळाच जाळू नका हो वन्सं, नुसती कड," वहिनी म्हणाली.

कौतुकच म्हणायचं! आत्याच्या लहानपणी, खऱ्या युद्धात, कागद मिळाला की अख्खाच शेकोटीत जायचा, कडा जाळत बसायला सवड कुणाला होती? असं मनाशीच म्हणत आत्याने काडी ओढली.

"आत्या, तूही तेव्हा डायरी लिहायचीस ना? काय लिहायचीस गं?"

आत्याच्या हातातली काडी विझली. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. दादा, म्हणजे या पोरीचा बाप, त्या दिवसांचा विषय निघाला की भरल्या ताटावरून उठून जायचा. छोटू म्हणून कुणी होता, हे पोरीच्या गावीही नव्हतं. आणि आत्या काही अमरपट्टा घेऊन आली नव्हती.

"काय लिहिणार? भूक लागली. दादाने पांघरूण ओढलं." आत्या थांबली, मग बोलूनच गेली. "शेवटच्या पानावर लिहिलं, देवा, छोटूला गप्प कर."

"छोटू कोण?"

"आमचं शेंडेफळ. तान्हा होता. आम्ही तळघरात लपलेलो, डोक्यावर सैनिकांचे बूट वाजतायत आणि हा रडायचा थांबेना. आवाज वर गेला असता तर सगळेच मेलो असतो. मग त्याच्या तोंडावर शाल दाबली. सकाळी तो गप्पच होता."

"कुणी दाबली?"

आई तर तापाने फणफणली होती. शाल दाबणारे हात दादाचे होते, तेव्हा तोही पोरच. पण ते आत्या मेली तरी सांगणार नव्हती.

वहिनी इस्त्री धरून उभीच राहिली. तिलाही यातलं काही ठाऊक नव्हतं.

भाचीने जरा वेळ पेन चावलं. "हे नाही चालणार गं. बाई म्हणाल्या, शेवट आशेचा हवा." मान खाली घालून तिने एक ओळ लिहिली आणि वाचली, "'सकाळी छोटू उठला आणि माझ्याकडे बघून हसला.' हे चालेल?"

"नाही चालणार!" आत्या ओरडली. "कुठला हसतोय! अगं, निदान कागदावर तरी त्याला खरं मरू दे!"

आरडाओरडा ऐकून दादा बाहेर आला. पोरीने कागद बापापुढे धरला. तो वाचू लागला. छोटूच्या नावावर त्याचं बोट अडलं, ते पुढे सरकेना. आत्याचा सगळा जीव कानांत गोळा झाला. 'नाही गं, तो गेला' एवढं जरी म्हणाला असता, तरी तिला जन्माचं पुरलं असतं.

"बरोबर आहे," दादा म्हणाला. "असंच झालं होतं. हसला होता."

कागद ठेवून, कुणाकडेही न बघता तो आत निघून गेला.

"बघ," भाची आत्याला म्हणाली, "बाबांना सगळं आठवतंय. तूच विसरलीस."