नवखीचा आकडा

रोहिणीने ‘ठिणगी’त पाऊल टाकलं आणि पहिल्याच दिवशी बोलणी खाल्ली. आल्या आल्या तिने विचारून टाकलं होतं, "दादा, कोयता कसा घडवायचा?"

‘ठिणगी’ हा लोखंड बडवणाऱ्यांचा टेलिग्रामवरचा गट. तो चालवायचा पेणचा प्रणित. डोलवीला कंपनीत शिफ्ट करायची आणि सुट्टी मिळाली की घरामागे भट्टी पेटवायची, असा त्याचा क्रम होता. गटावर त्याचा वचक कडक हेडमास्तरासारखा. आल्या आल्या प्रश्न विचारणारा माणूस त्याला जेवणाच्या पंगतीत चपला घालून बसल्यासारखा वाटे.

त्याने रोहिणीला रीतभात समजावली. इथे नाव-गाव सांगायचं नाही, कोणाला विचारायचंही नाही. प्रत्येकाने एखाद्या अवजाराचं नाव घ्यायचं. आधी जुने फोटो सगळे पाहायचे. मग दांडीला पीळ घातलेला, दोरी अडकवायचा एक आकडा स्वतःच्या हाताने घडवून त्याचा फोटो टाकायचा. तीच नवख्याची ओळख. जुन्या सभासदांनी त्यावर एक अक्षर लिहायचं नाही. प्रत्येकाने तसाच आकडा आपल्या भट्टीवर करून दाखवायचा आणि आपलं काय चुकलं ते नवख्याने त्यात शोधायचं. सगळ्या जुन्यांचे आकडे आले की नवखा आत आला. अमावास्येला भट्ट्या बंद. तोपर्यंत एकाचा जरी राहिला तरी नवख्याने निमूट बाहेर पडायचं.

"आनि एक," प्रणितने बजावलं. "आपल्यात ‘भाता’ म्हनून एक जुने हायत. त्यांना परस्पर मेसेज करायचा नाय. मागं एकानं गाव विचारलं, तर भाताच पावसाळाभर गायब झाला."

"नाय करनार," रोहिणीने लिहिलं आणि ‘छिन्नी’ हे नाव घेतलं.

रोह्याला घरात ती आणि तिची आई जनी, दोघीच. बाबा गेल्या वर्षी वारले. त्यांच्या माघारी भट्टी थंड पडली नव्हती, भात्यावर जनीच बसायची. बाबांच्या फोटोखाली भिंतीला एक सांडशी टांगलेली होती, डावखुऱ्या हाताला बसेल अशी. दोघींपैकी कोणी ती वापरत नव्हतं, पण तिला तेलाचा हात मात्र नेमाने मिळायचा.

रोहिणीने जुने फोटो एकूण एक पाहिले. भात्याने कधीतरी टाकलेला एक विळा तर तिने मोठा करकरून पाहिला. त्याच्या शेपटाला हौसेने पीळ घातलेला होता. मग ती आकड्याला लागली. त्यात तिची अख्खी सकाळ गेली. एक झाला, तो मनाला येईना म्हणून पुन्हा भट्टीत घातला. दुसऱ्याचीही तीच गत. शेवटी एक झाला. त्याचं टोक आत इतकं दुमडलेलं होतं की दोरी एकदा अडकली की सुटायची नाही.

जनीने तो हातात घेतला, हसली आणि पदराने डोळे पुसले. धूर होताच.

गटात फोटो पडला तसा ‘घण’ नावाच्या जुन्या सभासदाला राहवलं नाही. हा आकडा आहे की उंदराचा सापळा, असं त्याने लिहिलं. प्रणितने त्याला तिथल्या तिथे झापलं. नवख्याला हसायचं असेल तर आधी आपला पहिला आकडा दाखव म्हणाला. घणाने मुकाट्याने आकडा करून टाकला. मग एकेकाचे येत गेले. रोहिणी प्रत्येकाचा पीळ न्याहाळायची. सगळे एकाच अंगाला वळलेले. ती आभाराचे हात जोडायची आणि फोन खाली ठेवायची.

सगळे आले, भात्याचा तेवढा येईना.

"आला का गो?" जनी रोज विचारायची.

"येल," रोहिणी म्हणायची. तिच्या आवाजात शंका नसायची. मनात मात्र धाकधूक होती. अमावास्येला गटाबाहेर पडावं लागलं की संपलं.

अमावास्या तोंडावर आली तेव्हा प्रणितच विरघळला. इतकी शिस्तीची नवखी त्याने पाहिली नव्हती. भात्याचं सोडा, तुम्हाला आत घेतो, असं त्याने स्वतःहून कळवलं. रोहिणीने नकार दिला. नियम सगळ्यांना सारखा, त्यांचा आकडा आल्याशिवाय आत येणार नाही, असं तिने लिहिलं. प्रणितचा ऊर भरून आला. तिचं उत्तर त्याने गटात सगळ्यांना वाचायला टाकलं.

अमावास्येच्या आदल्या दुपारी भात्याचा फोटो आला. मागे मिठाची रास, पुढे आकडा. टोक बाहेर मुरडलेलं. पीळ उलट्या अंगाचा. आणि खाली, कधी नव्हे ते, शब्द होते.

"टोक बाहेर काढ. बाबा बघायच्या आत."

प्रणित लगेच उगवला. "भाता, तुमी तर जुने. लिहून सांगायचं नाय, ठाव हाय ना? आनि बाबा कोन?"

रोहिणीने फोन आईपुढे धरला. जनीने त्या डावखुऱ्या पिळावरून बोट फिरवलं आणि भिंतीवरची सांडशी खाली काढली.

"जगन्या हाय गो," ती म्हणाली. "मिठागरावर हाय. पेनच्या खाडीला असल."

रोहिणीने घडवलेले कोयते रोह्याच्या बाजारात हातोहात खपत होते. तिथेच एका गिऱ्हाइकाच्या फोनवर तिने ‘ठिणगी’तला तो उलट्या पिळाचा विळा पाहिला होता. लहानपणीची चूक तेवढी जशीच्या तशी करायला तिला अख्खी सकाळ लागली होती. गटाचा नियम मोडून तिने सगळ्यांच्या देखत लिहिलं, "दादा, बाबा गेले. आता तुला घरातनं कोन काढनार नाय. ये."