अंतऱ्यातली जागा

भाग्यश्रीनं नागपूरहून पाठवलेल्या एका पत्राला रंगरावांनी कधीच उत्तर दिलं नव्हतं. लग्न होऊन गेल्यावरचं तिचं ते पहिलंच पत्र. खुशाली लिहून झाल्यावर शेवटी तिनं विचारलं होतं : बाबा, आपली बागेश्रीची गत दादाला शिकवताना तुम्ही अंतऱ्यात मध्यमावर थांबता. दार लावून एकटे वाजवता तेव्हा थांबत नाही. मला सैपाकघरात ऐकू यायचं. यातलं खरं कोणतं?

आज दार सताड उघडं होतं. रंगराव सकाळपासून सतार घेऊन बसले होते. दिवाळीत अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. डावा हात हळूहळू परत आला. मध्यमापुढची सुरांची जागा मात्र आली नव्हती. मध्यमापर्यंत गत नीट यायची. तिथं बोटं थांबायची. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच.

गत पणजोबांची. ती कुणी लिहून ठेवली नव्हती, रेकॉर्ड होऊ दिली नव्हती. मुलाला शिकवतानासुद्धा ती एक जागा बंद ठेवायची आणि तो तयार झाला की समोर बसवून एकदा उघडून दाखवायची, ही घरची रीत. रंगरावांना वडिलांनी तशीच दाखवली होती. त्यांचा मुलगा ऋषी तयार होता होता नोकरीला लागला. मुलीला तर शिकवायचीच नाही. ती गत दुसऱ्या घरी नेणार.

ऋषी हडपसरहून आला तो ट्रॅफिकला नावं ठेवतच. वडिलांनी सतार पुढे केल्यावर म्हणाला, बोटं मऊ झालीत, कीबोर्डखेरीज काही वाजवलेलं नाही. तरी बसला. अडखळत, पण शिकवली होती तशी सगळी गत त्यानं वाजवली. अंतऱ्यात मध्यमावर थांबला.

रंगराव पुढे वाकले होते. "पुढे जा."

"पुढे कुठे? इथंच थांबायचं. पुढे गेलो की पट्टी मारायचात."

रंगरावांची नजर ऋषीच्या थांबलेल्या बोटांवरच होती.

"चुकलं का काही?"

"नाही. शिकवलं तसंच आहे."

ऋषी चहा पिऊन निघून गेला. रंगरावांनी बायकोला विचारलं, तुला काही आठवतंय का. सरोजिनीबाई मटार सोलत होत्या.

"मला सुरांतलं कळत नाही, असं तुम्हीच चारचौघांत सांगत आलात," त्या म्हणाल्या. मग शेंगा बाजूला सारत म्हणाल्या, भाग्यश्रीला फोन लावून देते.

"नको. फोनवर माझा आवाज फुटायचा नाही."

पत्र लिहिण्यात दुपार गेली. घराण्याबद्दल लिहिलं, ते फाडलं. माफीचं लिहिलं, तेही फाडलं. तिला कुणी कधी सतार हातात दिली नव्हती. इतक्या वर्षांत ती ते सूर गुणगुणत तरी असेल का, हे विचारायचं धाडस होईना. शेवटी कागदावर राहिलं ते एवढंच :

चि. भाग्यश्रीस,
अनेक आशीर्वाद. मध्यमावर थांबायचं नाही, एवढं मला आठवतं. पुढे कुठे जायचं, ते गेलं. तुला ऐकू यायचं ना?
बाबा

चौकातल्या टपालपेटीपर्यंत ते काठी टेकत एकटेच गेले. पाकीट आत सोडलं. ते तळाशी पडल्याचा आवाज आला, तरी ते तिथून हलले नाहीत. डाव्या हाताची बोटं पेटीच्या पत्र्यावरून हळूहळू सरकत होती आणि दर वेळी एकाच ठिकाणी येऊन थांबत होती.