बकेट जमिनीला

बकेट वर होती.

साधना तलावाच्या काठावर थबकली. जेवणाची सुट्टी. कोरड्या तलावात गाळ उपसायला आणलेली भीमसेन कंपनीची पिवळी पोकलेन उभी, आणि तिचा लांब हात आभाळात ताठ. टोकाला बकेट दोन पुरुष उंच लटकलेली. साधनाची पाच वर्षांची लेक दिव्या घरात नव्हती. आई भांडी घासून उठेस्तोवर पोर फाटक उघडून पसार झाली होती, आणि ती कुठे जाणार हे आईला पक्कं ठाऊक होतं.

मशीन थांबली की बकेट जमिनीला. हे साधना बाराखडीच्या आधी शिकली होती. तिचे बाबा, गुणवंतराव, भीमसेनच्या बल्लारपूरच्या वर्कशॉपात फिटर होते. इतरांचे बाप राजाराणीच्या गोष्टी सांगत, हे कंपनीची सांगत. बैलगाडीचे आख घडवणाऱ्या दोन भावांनी ती काढली. पहिली पोकलेन तयार झाली तेव्हा अख्खं गाव पाहायला लोटलं. धाकटा भाऊ हार घालायला म्हणून उचललेल्या बकेटीखाली गेला आणि तेलाचा पाइप फुटून ती त्याच्यावर कोसळली. तेव्हापासून कंपनीच्या प्रत्येक केबिनमध्ये एक पितळी पट्टी ठोकलेली असते: थांबलात, बकेट जमिनीला. पुढे मालक बदलले, मशीनचा रंग बदलला, कारखाना दुसऱ्या राज्यात गेला. पट्टी मात्र तीच राहिली. गोष्ट संपली की बाबा लेकीला हाताच्या खुणा शिकवत, कारण इंजिनापुढे माणसाचा आवाज चालत नाही. तळवा खाली दाबला, बकेट खाली. एक बोट ताठ, बकेट वर.

कालच तिनं दिव्याला त्या बकेटीतून ओढून काढलं होतं. ऑपरेटर हेमराज सावलीला डबा खात होता, आणि पोर टेकवलेल्या बकेटीत पाय पसरून बाहुलीला निजवत होती.

"हेमराजभाऊ, माह्या पोरीले इथी फिरकू देऊ नका."

"बाई, टेकवलेली बकेट म्हंजे पाळणाच. काई खात नाई ते तिले."

"मंग तुमचं पोरगं आणून निजवा त्याच्यात."

हेमराज हसला. "तुमाले भेव मशीनचा हाय का माहा?"

"दोघायचा!"

गावाला भेव होता वाघाचा. मोहफुलांच्या दिवसांत पलीकडच्या गावची एक बाई गेली, तेव्हापासून बाया घोळक्यानंच रानात शिरत. साधना मात्र मनाशी म्हणे, वाघ रानात आहे, आपण रानात जातच नाही. मशीन तर दाराशी येऊन उभी आहे.

आता ती भेगाळलेल्या गाळातून पळत सुटली. ढेकळं पायाखाली फुटत होती. तलावाच्या पाळीखालच्या बेशरमाच्या झुडपांतून बगळे एकदम उठले. आपल्या पळण्यानं उठले असतील, असं तिला वाटलं. इंजिन चालू होतं. हेमराजचा डबा उपडा पडला होता, भाजी मातीत सांडलेली. आणि हेमराज केबिनमध्ये, दार लावून, काच चढवून. मे महिन्याच्या उन्हात! रोज हाच माणूस दाराला काठी लावून दार उघडं ठेवायचा. काहीतरी करून बसलाय हा, म्हणून कोंडून घेतलंय स्वतःला.

मग तिला चप्पल दिसली. दिव्याची, गुलाबी, एकच. बरोबर बकेटीखाली.

साधना गुडघ्यांवर कोसळली. चपलेभोवतीचा गाळ दोन्ही हातांनी उकरू लागली. वर हॉर्न वाजू लागला तो थांबेचना. तिनं मान वर केली. काचेमागे हेमराज दोन्ही हातांनी खुणावत होता. ये म्हणतोय की जा म्हणतोय, काही कळेना. त्याचा चेहरा घामानं निथळत होता.

"बकेट खाली घ्या!" ती किंचाळली. उठून बाजूला झाली, आणि तळवा जमिनीकडे दाबला. "खाली घ्या!"

हेमराजनं मान हलवली. नाही.

"माही पोरगी कुठी हाय? खाली घे म्हणते ना!" तळवा खाली. पुन्हा खाली.

तो तिच्याकडे पाहत राहिला, मग त्यानं तिच्या पलीकडे पाहिलं. त्याचे ओठ पुटपुटत होते. त्यानं हॉर्न सोडला आणि दांडी धरली. मशीनचा हात हलला. बकेट झटके खात खाली येऊ लागली.

बकेटीच्या कडेवरून आधी दोन वेण्या दिसल्या. मग दिव्याचं तोंड. मातीनं माखलेलं, डोळे मोठाले, पण धड. ओरखडासुद्धा नाही. पोरीला त्या उंचीवर टांगून ठेवणाऱ्याला काय काय बोलायचं ते साधनाच्या जिभेवर येऊन थडकलं.

"उतर खाली! ये माह्याजवळ!"

दिव्या हलली नाही. घरात बाळ झोपलेलं असताना बोलतात तशी, अगदी हळू बोलली.

"आई, ओरडू नको ना. तुह्या मांगं वाघ हाय. पाहून राह्यला तो."

बकेट उतरतच होती. आणखी हातभर. साधनानं हात लांबवला असता तर दिव्याची बोटं तिच्या हाती आली असती.

तिनं मागे पाहिलं नाही. हेमराजच्या डोळ्यांत डोळे घातले, तोच हात उचलला, आणि एक बोट आभाळाकडे ताठ केलं.