दवातला कापूस

जियाचा तोच प्रश्न तिसऱ्यांदा चुकला, तेव्हा जैबुनबीनं अडकित्ता खाली ठेवला. कॉलेजची प्रवेश परीक्षा तोंडावर आली होती आणि नात मोबाइलवरच्या सरावात इंग्रजी उताऱ्यातच अडकली होती. “काय लिवलं हाये त्याच्यात?” “दादी, कापूस पहाटे दवातच वेचावा, असं उतारा म्हणते. तू शिकवलेलं ‘दव सुकल्यावर’ निवडलं, तं मोबाइल चूक दाखवते.” फुलसावंगीत चाळीस हंगाम वेचणी केलेली जैबुनबी फिस्सकन हसली. “ओला कापूस पिवळा पडते, हे त्या लिवनाऱ्या बयताडाले कोनी सांगितलं नाही काय?” “मंग कोनतं निवडू?” “त्याचंच. दावत त्याच्या घरची हाये. सालन अळणी असलं तरी तिथं गुमान गिळावं.” जियानं बोट टेकवलं, हिरवी खूण उमटली. जैबुनबीनं अडकित्ता उचलला. “आता कॉलेजात घुस. मंग पुढचा उतारा तूच लिव. त्यात सांग, की या शहाण्यानं कापूस गादीतच पाह्यलता.”