मयताचं चित्र

सटवाजी चिताऱ्यानं कपाळ काढलं, नाक काढलं आणि मयताच्या डाव्या तळहाताकडं नजर टाकली. तळहातावर इष्टलिंग होतं, लिंगावर बेलाचं पान. पान हललं.

वारा असेल, असं त्याला वाटलं. त्यानं उदबत्तीकडं पाहिलं. धूर सुतासारखा सरळ वर चालला होता. पान पुन्हा हललं, थांबलं, हललं. सटवाजीनं नकळत स्वतःचं मनगट चाचपलं. त्याची नाडी पानाच्या दुप्पट पळत होती, पण ठोका त्याच जातीचा होता.

"क्या रे चितारी? हात कायको रुका?"

पोलिसांचे अमीनसाहेब उंबऱ्याबाहेर उभे होते, नाकाला अत्तराचा रुमाल लावून. करोडगिरीचा जकात नाका जाळल्यापासून ज्याला ते तीन महिने हुडकत होते, तो बसवंतराव पटकीनं मेला म्हणून सकाळी बोरीत दवंडी फिरली होती. वर पाठवायला पुरावा हवा होता. परभणीचा फोटोवाला दुकानाला कुलूप घालून बार्शीकडं निघून गेलेला, म्हणून शिपायांनी सटवाजीला जेवत्या ताटावरून उठवून आणलं होतं. आलेल्यांपैकी पटकीच्या घरात तो एकटाच शिरला होता. मघापर्यंत त्याला भीती होती ती पटकीची.

लिंगायतांच्या रीतीप्रमाणे बसवंतरावाला पाटावर बसवलं होतं. पाठ खांबाला, हनुवटीखालून कापड बांधून डोकं ताठ केलेलं, तोंडावर भस्माचा जाड लेप, छातीवर हारांचा ढीग. अंगणात मयत बसवून न्यायचं फुलांचं विमान तयार होतं. विमानापाशी थोरला भाऊ ईश्वरअप्पा हात जोडून उभा होता, आणि आत दुसऱ्या खांबाला टेकून बसवंतरावाची बायको गौराबाई. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती सटवाजीच्या कुंचल्याकडं बघत होती.

"माश्या, साहेब," सटवाजी म्हणाला. "डिंकाचा रंग हाय. माश्या चिकटायल्यात. गौराक्का, जरा वारा घाला."

एक शिपाई हसला. "मुर्द्याला उकडायलंय जणू!"

"मुर्द्याला न्हाई बाबा, रंगाला."

गौराबाईनं पंखा घेतला. पहिल्याच झुळकेला बेलाचं पान थरथरलं, हाराच्या पाकळ्या हलल्या, धूर मोडला, भस्माची धूळ उडाली. आता सगळंच हलत होतं. सटवाजीनं पुन्हा कुंचला उचलला.

पण चेहरा राहिला होता. मागल्या साली पटकीनं गेलेल्या नऊ जणांची चित्रं त्यानं काढली होती. पटकीत डोळे खोबणीत जातात, गालफडं बसतात, बोटांची कातडी दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतते. इथं भस्माखाली गाल भरलेले होते. जसं दिसतं तसं काढलं, तर परभणीत बसलेला कुणीही जाणता डॉक्टर कागद हातात घेऊन विचारील, हा मेलाय कशानं?

त्यानं काजळी घेतली आणि मेलेल्या नऊ जणांना आठवलं. एकाचे डोळे घेतले, एकाचे ओठ, एका म्हातारीची बोटं. तासाभरात कागदावरचा बसवंतराव मेला.

त्यानं कागद उंबऱ्यापाशी नेऊन जमिनीवर ठेवला. साहेबांनी तो छडीनं पुढं ओढला. बराच वेळ कागदाकडं पाहिलं, मग मयताकडं, मग परत कागदाकडं.

"यहाँ से तो गाल भरे हुए दिखते."

गौराबाईचा पंखा क्षणभर थबकला. मागं बघायची त्याला हिंमत झाली नाही.

"भस्म जाड लावलंय, साहेब," तो म्हणाला. "आत या. जवळून बघा."

साहेबांनी रुमाल नाकावर घट्ट धरला आणि पाऊल मागं घेतलं.

"नीचे लिख. मयत आपल्या डोळ्यांनी पाहिला. और दस्तखत कर."

मेलेल्याच्या चित्राखाली सटवाजी कधी नाव घालत नसे. बापानं तसं बजावलं होतं. आज त्यानं पुरं नाव घातलं, गावासकट. उद्या हा माणूस कुठं जिता सापडला, तर पोलिसांना दुसरं कुणाचं दार शोधायला लागणार नव्हतं.

साहेबांनी कागदाची घडी करू दिली नाही. रंग ओला होता. एका शिपायानं तो दोन्ही हातांवर तोलून धरला. दुसऱ्याला साहेबांनी सांगितलं, "वेस के पहरे को बोल, जाने दो इनको," आणि ते घोड्याकडं चालू लागले.

चौघांनी बसवंतरावाला उचलून विमानात बसवलं. मान कापडानं बांधलेली होती. हात कुणीतरी धरून ठेवला होता. "हर हर महादेव" झालं, वाजंत्री सुरू झाली, आणि विमान दारातून गल्लीत गेलं. बायका मागं राहिल्या, त्याही एकेक करून अंगणात गेल्या.

सटवाजीनं कुंचले धुतले. वर पाहिलं तर गौराबाई तिथंच बसून होती, आणि रिकाम्या पाटाला वारा घालत होती.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "पुरे आता."

तिनं पंखा थांबवला नाही. मान तिरपी करून ती दूर जाणाऱ्या वाजंत्रीकडं कान लावून होती.

"वाजाप अजून वेशीच्या आत हाय," ती म्हणाली.